विकणाऱ्यानेही सावध राहावे

दिवाळीपूर्वीची साफसफाई असो, घर बदलणे असो किंवा मुले मोठी झाल्यावर जिन्याखाली पडून राहिलेली सायकल असो. जुनी वस्तू विकायची म्हटले की आता कुणी भंगारवाल्याच्या हाकेची वाट पाहत नाही. मोबाइलवर दोन छायाचित्रे काढावीत, किंमत लिहावी, संपर्क क्रमांक द्यावा आणि जाहिरात संकेतस्थळावर टाकावी. तासाभरात विचारणा सुरू होते. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र या पहिल्या तासात येणारा पहिला दूरध्वनी अनेकदा ग्राहकाचा नसतो.

इंटरनेटवरून खरेदी करताना फसवणूक होऊ शकते, हे एव्हाना बहुतेकांना ठाऊक झाले आहे. विकणारा मात्र निर्धास्त असतो. ‘मला कुठे पैसे द्यायचे आहेत? मला तर घ्यायचे आहेत,’ असा त्याचा साधा हिशेब असतो. भामट्यांचा धंदा नेमका या निर्धास्तपणावर उभा आहे. त्यांच्या युक्त्या वरवर निरनिराळ्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ सूत्र एकच असते. घ्यायला बसलेल्या माणसाला त्याच्या नकळत देणारा बनवायचे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीतील एका नामवंत राजकीय घराण्यातील सुशिक्षित तरुणीने जुना सोफा विकण्यासाठी जाहिरात दिली. खरेदीदाराने खाते बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी म्हणून आधी किरकोळ रक्कम पाठवली. ती खरोखर जमा झाली. मग त्याने एक क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगितले. पैसे येण्याऐवजी खात्यातून २० हजार रुपये गेले. ‘चुकीचा कोड गेला, आता हा दुसरा करा,’ असे त्याने सांगितले; त्यासरशी आणखी १४ हजार रुपये गेले. अशी वेळ अडाण्यांवरच येते, हा समज या घटनेने खोटा ठरवला.

हातोहात व्यवहार ते दूरचा व्यवहार

बाजारातील जुना व्यवहार हातोहात होत असे. एका हाताने माल दिला जाई, दुसऱ्या हाताने पैसे घेतले जात. दोघांमध्ये अंतर आले की विश्वासाचा प्रश्न उभा राहतो: आधी माल पाठवायचा की आधी पैसे? टपाल खात्याने यावर व्हीपीपीचा तोडगा काढला होता. मराठी प्रकाशकांची पुस्तके कित्येक वर्षे गावोगावी अशीच पोहोचली. पोस्टमन पैसे घेतल्याशिवाय पुडके हाती देत नसे आणि जमा झालेली रक्कम मनिऑर्डरने प्रकाशकाकडे पोहोचत असे. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये एक विश्वासू तिसरा उभा होता.

भारतात इंटरनेटवरील खरेदी-विक्रीची सुरुवात झाली, तेव्हाही हाच विचार पुढे आला. २००० साली सुरू झालेले बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ २००४ मध्ये ईबेने विकत घेतले. ईबेच्या भारतातील ‘पैसापे’ या पद्धतीत ग्राहकाचे पैसे आधी मध्यस्थाकडे राहत आणि माल रवाना झाल्यानंतर पुढील ठरावीक प्रक्रियेने विक्रेत्याला मिळत. हे संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. दरम्यान ओएलएक्स २००६ पासून आणि क्विकर २००८ पासून लोकांच्या परिचयाचे होत गेले. पुढे समाजमाध्यमांवरही बाजार भरू लागले. या ठिकाणी जुन्या घरगुती वस्तूंची विक्री बहुतांशी वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींसारखी होते. संकेतस्थळ दोघांची गाठ घालून देते. पैसे आणि माल यांचे दोघांनी आपसांत पाहायचे. २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर हे ‘आपसांत पाहणे’ क्षणार्धाचे झाले. व्यवहार सुलभ झाला, पण मधला विश्वासू तिसरा नाहीसा झाला. भामट्यांनी हीच मोकळी जागा हेरली.

पैसे घेणाऱ्याला पिन लागत नाही

सर्वाधिक फसवणूक क्यूआर कोडद्वारे होते. हा कोड म्हणजे गूढ यंत्र नव्हे. चौकटींच्या नक्षीत लिहिलेला तो एक पत्ता असतो. पैसे कोणाच्या खात्यात जायचे आहेत, एवढे त्यात लिहिलेले असते; कधी रक्कमही आधीच भरलेली असते. आपण तो स्कॅन करतो, तेव्हा मोबाइल तो पत्ता वाचतो आणि ‘इथे पैसे पाठवायचे का?’ असे विचारतो. आपण पिन टाकतो, याचा अर्थ ‘होय, पाठवा’ असा होतो.

मंडईतील भाजीवाल्या मावशींची आठवण ठेवली तरी हा फरक कायमचा लक्षात राहील. त्यांच्या गाडीवर कोडचा फलक टांगलेला असतो. तो स्कॅन कोण करतो? भाजी घेणारा. मावशी कोणाचाही कोड स्कॅन करत नाहीत, पिन टाकत नाहीत, की कुठल्या दुव्यावर बोट ठेवत नाहीत. त्या केवळ पैसे आल्याची घोषणा ऐकतात. सोफा विकणारे आपण त्या क्षणी मावशींच्या जागी असतो. खरेदीदार आपल्याला कोड पाठवत असेल, तर त्याने आपल्याला गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभे केले आहे, हे ओळखावे.

यूपीआयचा पिन खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी लागतो आणि पैसे पाठवण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. आपला यूपीआय पत्ता किंवा खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक दिला की आपले काम संपते. कार्डाचा क्रमांक, त्यामागील तीन अंक, कार्डाची मुदत, ओटीपी यांपैकी कशाचाही पैसे घेण्याशी संबंध नाही.

याच पद्धतीचा दुसरा प्रकार म्हणजे पैशांची मागणी पाठवणे. ‘तुम्हाला पैसे पाठवले आहेत, फक्त मान्य करा,’ असे सांगून प्रत्यक्षात पैसे मागणारी विनंती पाठवली जाई. विक्रेता घाईत ‘मान्य’ करी आणि पैसे गमावून बसे. हा गैरवापर थांबवण्यासाठी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने दोन व्यक्तींमधील अशा मागणीची सुविधा १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. व्यापाऱ्यांसाठी ती राहिली आणि क्यूआर कोडचा मार्ग तर खुलाच आहे. म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरील ‘पाठवा’ आणि ‘भरा’ हे शब्द वाचण्याची सवय सोडू नये.

गणवेशाचा आधार

भामटा विश्वास कमावण्यासाठी स्वतःची पत वापरत नाही. ती त्याच्याकडे नसतेच. तो उसनी पत आणतो. आपल्याकडे सैन्याविषयी मनापासून आदर आहे. म्हणून तो जवान किंवा विमानतळावरील सुरक्षा दलाचा कर्मचारी बनतो. गणवेशातील छायाचित्र, ओळखपत्र, कॅन्टीनचे कार्ड यांच्या प्रती तो न मागता पाठवतो. ‘माझी बदली झाली आहे, प्रत्यक्ष येता येणार नाही, आमचा माणूस वस्तू घेऊन जाईल,’ असे सांगतो. त्यानंतर येते ठरलेले वाक्य: ‘आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत उलटी असते. तुम्ही आधी पाच रुपये पाठवा, लगेच दहा परत येतील.’ पाच पाठवले की दहा खरोखर परत येतात. मग पाच हजार पाठवायला सांगितले जाते आणि तेथे खेळ संपतो. अशी कोणतीही उलटी पद्धत सैन्यात नाही, कोणत्याही बँकेत नाही. ओळखपत्रेही बहुधा अन्य कुणाची चोरलेली असतात.

खऱ्या ग्राहकाची ओळख पटवण्याचा एक घरगुती निकष आहे. खरा ग्राहक घासाघीस करतो. ‘पाय हलतो का? किती वर्षे वापरला? शेवटची किंमत सांगा,’ असे तो विचारतो. जो वस्तू न पाहता, एका शब्दाने किंमत कमी न करता, पाच मिनिटांत पैसे द्यायला निघतो, त्याच्या उदारपणाचे कारण शोधावे.

या टोळ्या विस्कळीत नाहीत. राजस्थानातील भरतपूर व अलवर, हरियाणातील नूह आणि उत्तर प्रदेशातील मथुरा यांना लागून असलेला मेवातचा पट्टा अशा फसवणुकीसाठी वारंवार चर्चेत आला. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले होते. पलीकडून बोलणाऱ्याचा हा रोजचा उद्योग आहे. आपण सोफा वर्षानुवर्षांत एकदाच विकतो. म्हणूनच ‘मी त्याला बोलण्यात गुंडाळीन’ या भ्रमात राहू नये. संशय आला की संभाषण तोडावे.

दिसलेले पैसे आणि आलेले पैसे

दुसऱ्या प्रकारात आपल्याकडून पैसे काढले जात नाहीत. न आलेले पैसे आल्याचे दाखवून वस्तू नेली जाते. व्यवहार पूर्ण झाल्याचे हिरवे चिन्ह, रक्कम, वेळ, क्रमांक असा सगळा देखावा असलेले चित्र तयार करणे आज अवघड नाही. हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी बनावट पेमेंट ॲपही आढळली आहेत. दारात उभा असलेला मनुष्य आपल्या डोळ्यांदेखत ‘पैसे पाठवतो’, पडदा दाखवतो आणि भ्रमणध्वनी संच किंवा कॅमेरा घेऊन निघून जातो.

काही वेळा बँकेच्या नावाने लघुसंदेश येतो. बँकेचे असे संदेश दहा अंकी खासगी मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत, हे येथे उपयोगी पडते. तरीही संदेशावर विसंबूच नये. आपले बँकेचे ॲप स्वतः उघडावे आणि शिल्लक वाढली आहे का, ते पाहावे. ‘सर्व्हर बंद आहे, संध्याकाळपर्यंत जमा होतील,’ असे उत्तर मिळाले, तर वस्तूही संध्याकाळीच न्यावी, असे नम्रपणे सांगावे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीची सेवा चोवीस तास, सुटीच्या दिवशीही सुरू असते. तेव्हा ‘आज रविवार आहे’ ही सबबही आता चालण्यासारखी नाही.

याच जातीचा एक फसवा प्रकार म्हणजे ‘जास्तीची रक्कम’. आठ हजारांच्या कपाटासाठी ऐंशी हजार जमा झाल्याचा संदेश येतो. पाठोपाठ घाबऱ्या आवाजात दूरध्वनी येतो: ‘एक शून्य जास्त पडले, दवाखान्याचे पैसे होते, कृपा करून वरचे परत पाठवा.’ विक्रेता भला असतो. तो खात्री न करता आपल्या खात्यातील पैसे परत पाठवतो. पहिली रक्कम मुळात आलेलीच नसते. धनादेशाने व्यवहार करणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा. धनादेश भरणे आणि तो वटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पार्सलच्या वाटेवरील खड्डे

वस्तू दुसऱ्या गावी पाठवायची असेल, तर फसवणुकीच्या जागा वाढतात. बनावट खरेदीदार सांगतो, ‘मी कुरिअर कंपनीकडे पैसे भरले आहेत. तुम्हाला दुवा येईल. त्यावर तपशील भरला की रक्कम जमा होईल आणि माणूस पार्सल न्यायला येईल.’ नामांकित कुरिअर कंपनीचे बोधचिन्ह असलेले ते पान बनावट असते. तेथे कार्डाचा तपशील आणि ओटीपी मागितला जातो. कधी विम्याचे किंवा नोंदणीचे म्हणून थोडे पैसे भरायला लावतात, ‘ते नंतर परत मिळतील’ असेही सांगतात. पार्सल नेण्यासाठी विक्रेत्याच्या कार्डाची गरज कोणत्याही वाहतूक कंपनीला पडत नाही.

कुरिअरवाल्याच्या नावाने येणारा आणखी एक दूरध्वनी विशेष घातक आहे. ‘पत्ता सापडत नाही, या क्रमांकावर फोन लावा,’ असे म्हणून तारांकित चिन्हाने सुरू होणारा क्रमांक फिरवायला सांगतात. त्यामुळे आपले येणारे दूरध्वनी भामट्याच्या क्रमांकाकडे वळू शकतात आणि दूरध्वनीवरून सांगितले जाणारे ओटीपी त्याच्या कानी पडतात. तसेच ‘मदतीसाठी’ म्हणून आपल्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप उतरवून घेण्यास सांगितले, तर तत्काळ नकार द्यावा. अशा ॲपच्या गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

परदेशातील ग्राहकाचा मोह हा जुना सापळा आहे. जुन्या कॅमेऱ्याला अपेक्षेपेक्षा दुप्पट किंमत देऊ करणारा साहेब पैसे ‘रिझर्व्ह बँकेत अडकले’ असल्याचे कळवतो आणि शुल्क भरण्याविषयी बँकेच्या नावाचा ई-मेल येतो. रिझर्व्ह बँक सर्वसामान्यांची खाती ठेवत नाही आणि अडकलेले पैसे सोडवण्यासाठी कोणाकडूनही शुल्क मागत नाही.

खरोखरच पार्सल पाठवायचे झाल्यास वाहतूक सेवा आपण निवडावी आणि पैसे खात्यात आल्यावरच वस्तू बांधावी. बांधताना वस्तू, तिचा अनुक्रमांक आणि बंद केलेले खोके यांचे अखंड चित्रीकरण करावे. स्पीड पोस्टच्या पावतीवर वजन नोंदलेले असते आणि तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यावरून पार्सलचा प्रवास कळतो. ‘खोक्यात वीट निघाली’ अशी तक्रार आल्यास पावतीवरील वजन आणि चित्रीकरण हेच आपले साक्षीदार असतात. पार्सल वाटेत असताना ग्राहकाने पत्ता बदलायला सांगितले, तर बदलू नये.

आलेले पैसे कोणाचे?

पैसे खरोखर जमा झाले, म्हणजे सारे संपले असेही नाही. काही टोळ्या दोन अनोळखी माणसांना एकमेकांसमोर उभे करतात. भामटा तुमच्याकडून सोन्याचे नाणे किंवा महागडा मोबाइल घेण्याचे ठरवतो. त्याच वेळी तिसऱ्याच कोणाला फसवून त्याचे पैसे थेट तुमच्या खात्यात जमा करवतो. तुम्ही समाधानाने वस्तू देता. तो तिसरा पोलिसांत जातो आणि तपासात पैशांचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ अन्वये पोलिसांना संशयास्पद मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार आहे. तपासादरम्यान ती रक्कम रोखून धरली जाते. कधी सारे खातेच गोठते आणि घराचा हप्ता, मुलांची फी अडकते.

यावर उपाय आहे तो नोंदीचा. समोर आलेला माणूस आणि ज्याच्या खात्यातून पैसे आले तो, यांची नावे जुळतात का, ते पाहावे. जुळत नसतील, तर पैसे देणाऱ्याशी प्रत्यक्ष बोलावे आणि समाधान न झाल्यास वस्तू देऊ नये. दोन ओळींची पावती करावी: वस्तू, अनुक्रमांक, किंमत, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि सही. जाहिरात आणि संभाषण पुसून टाकू नये. विक्री प्रामाणिक होती, हे सिद्ध करायला हा कागद कामी येतो. शक्य असेल तेव्हा वस्तू जवळपासच्या ग्राहकालाच, दिवसाउजेडी आणि वर्दळीच्या ठिकाणी द्यावी.

फसवणूक झालीच तर

पहिला अर्धा तास शरमेत किंवा भामट्याला पुन्हा पुन्हा दूरध्वनी करण्यात घालवू नये. केंद्रीय गृह मंत्रालयाची १९३० ही मदतवाहिनी याच कामासाठी आहे. तिची सुरुवात २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने झाली आणि पुढे तो १९३० करण्यात आला. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँक सांगितली की ही माहिती पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत पोहोचते. पैसे तेथे शिल्लक असतील तर रोखले जातात. पुढे गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे धाडली जाते. पैसे खात्यांमागून खाती बदलत पळत असतात, म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे. त्याच वेळी आपल्या बँकेला कळवून पुढील व्यवहार बंद करावेत. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या शासकीय संकेतस्थळावर लेखी तक्रारही करता येते. ते ऑगस्ट २०१९ पासून कार्यरत आहे. बँकेचा मदत क्रमांक मात्र कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून घ्यावा. शोधयंत्रात सापडलेला क्रमांक दुसऱ्या भामट्याचा असू शकतो.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘हद्द आमची नाही’ हे कारण कायद्याला मान्य नाही. संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवून मालमत्ता काढून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

नुकसानभरपाईबाबत मात्र गैरसमज नसावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना अनधिकृत व्यवहार झाला आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचाच, हेही त्यातच नमूद आहे. आपल्या हाताने टाकलेला पिन ही आपली सही असते. म्हणूनच या फसवणुकीत गेलेले पैसे परत मिळवणे अवघड जाते आणि सारी सावधगिरी बोट पिनवर जाण्यापूर्वीच बाळगावी लागते.

थोडक्यात

पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करू नये, पिन टाकू नये, दुवा उघडू नये. खरेदीदाराला ‘खात्रीसाठी’ एक रुपयाही पाठवू नये. चित्र, संदेश आणि शब्द यांपेक्षा आपल्या खात्यातील शिल्लक खरी मानावी. पैसे आल्यावाचून वस्तू हातची सोडू नये आणि विक्रीचा कागद जपून ठेवावा. घरातील ज्येष्ठांच्या नावे जाहिरात दिली असेल, तर संपर्कासाठी घरातील तरुण सदस्याचा क्रमांक द्यावा आणि हे नियम दोघांनी एकदा एकत्र वाचावेत.

गावोगावच्या किराणा दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. दुकानदार ती कोणाचा अपमान करण्यासाठी लावत नाही. रोज प्रत्येकाशी वाद घालण्याचा त्रास वाचावा, म्हणून लावतो. ऑनलाइन विक्रेत्यानेही अशी एक पाटी मनात लावून घ्यावी आणि जवान असो, डॉक्टर असो की परदेशातील साहेब, प्रत्येकाला तीच दाखवावी. खरा ग्राहक त्याने रागावत नाही. जो रागावतो, तो ग्राहक नसतो.